हेअर ट्रान्सप्लांट, अकरा महिन्यांनंतर: आधी मागच्या केसांची शिल्लक मोजा

माझ्या ट्रान्सप्लांटची पद्धत एफयूई (मागची मुळं एकेक करून काढायची), ग्राफ्ट, म्हणजे लावलेले मुळांचे पुंजके, 2,400. भरलेली जागा म्हणजे कपाळावरची हेअरलाइन आणि तिच्यामागचा भाग. टाळूवरचं चांदणं, म्हणजे तिथलं टक्कल, मुद्दाम तसंच ठेवलेलं. आज अकरावा महिना चालू आहे. पुढून पाहिलं तर काम झालंय, भांग पडतो, वाऱ्यात केस उडाले तरी लपवाछपवी नाही. ट्यूबलाइटखाली वरून पाहिलं तर मात्र कातडी दिसते, आणि ती दिसणारच होती. का, ते आधी सांगतो, कारण आपल्याकडच्या बहुतेक चौकशा ‘ग्राफ्टला भाव काय?’ इथून सुरू होतात आणि तिथेच फसतात.

ट्रान्सप्लांटमध्ये नवा केस तयार होत नाही, असलेला हलवला जातो. डोक्याच्या मागचे आणि कानांवरचे केस डीएचटी या संप्रेरकाला सहसा दाद देत नाहीत, म्हणून टक्कल पडलं तरी तेवढा पट्टा टिकतो. तिथलं मूळ पुढे लावलं तरी ते आपला स्वभाव सोडत नाही. नॉर्मन ओरेंट्राइक या न्यूयॉर्कच्या त्वचारोगतज्ज्ञांनी हे 1959 मध्ये मांडलं, आणि सगळी शस्त्रक्रिया अजून त्यावरच उभी आहे. पण त्या पट्ट्यातून आयुष्यभरात साधारण 5,000 ते 6,000 ग्राफ्ट निघतात, कित्येकांचे त्याहून कमी. काढलेल्या जागी पुन्हा केस येत नाही. बोअरला पाणी किती लागलंय ते न बघता ऊस लावायचा, तसं काहीजण बावीस-तेविसाव्या वर्षी एका दिवसात 4,500 ग्राफ्ट काढून बसतात. पुढे पस्तिशीत टाळू उघडी पडते आणि मागे काढायला काही उरलेलं नसतं. वर मागचा भाग कसर लागल्यासारखा विरळ दिसतो तो वेगळाच.

दाटीचा हिशेब असा. टक्कल नसलेल्या डोक्यावर एका चौरस सेंटीमीटरमध्ये 80 ते 100 फॉलिक्युलर युनिट, म्हणजे केसांचे नैसर्गिक पुंजके असतात. लावताना असं एक युनिट म्हणजे एक ग्राफ्ट. एका युनिटमध्ये 1 ते 4 केस, सरासरी दोनच्या आसपास. लावताना 35 ते 45 युनिट बसवतात, कारण छिद्रं त्याहून दाट पाडली तर कातडीचा रक्तपुरवठा अपुरा पडू शकतो. पुढची 60 चौरस सेंटीमीटर जागा गुणिले 40, झाले 2,400. म्हणजे मूळच्या निम्मी दाटी. डोळ्याला ती पुरेशी वाटते, पण ‘कॉलेजात होते तसे केस’ हे कुणी सांगत असेल तर तिथून उठलेलं बरं. ‘केस’ आणि ‘ग्राफ्ट’ यांतला फरकही लेखी विचारून घ्या. 5,000 केसांचं पॅकेज म्हणजे बऱ्याचदा 2,500 ग्राफ्टच असतात.

पॅकेज या शब्दाबद्दल माझं मत वाईट आहे. आपल्याकडे विहीर खोदायचं गुत्तं देतात तसं ‘अमुक रकमेत कितीही ग्राफ्ट’ असं गुत्तं इथेही मिळतं. गुत्त्यात घाई असते, आणि घाईत पंचखाली, म्हणजे मुळं काढायच्या बारीक गोल पात्याखाली, मुळं कापली जातात. कापलेलं मूळ मोजणीत धरलं जातं, उगवत मात्र नाही. नॅशनल मेडिकल कमिशनने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलंय की ही शस्त्रक्रिया त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीचं रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरने करायची. तंत्रज्ञ फक्त मदतीला. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: भूल कोण देणार, छिद्रं कोण पाडणार, मुळं कोण काढणार? उत्तरात ‘आमची टीम’ आलं की समजून घ्या. दुसरा प्रश्न: खोलीत ऑक्सिजन, पल्स ऑक्सिमीटर आणि तातडीची औषधं आहेत का? 2016 मध्ये चेन्नईत केलेल्या ट्रान्सप्लांटनंतर एक वैद्यकीय विद्यार्थी दगावला, तेव्हापासून हा प्रश्न आगाऊपणाचा राहिलेला नाही. आणखी एक, जीएसटीमध्ये आरोग्यसेवेला असलेली सूट केस प्रत्यारोपणाला नाही, तेव्हा सांगितलेला भाव करासह आहे की करावेगळा, हे विचारून घ्या.

सॅफायर, डीएचआय, रोबोट या नावांवर फार वेळ घालवू नका. सॅफायर हे छिद्र पाडणाऱ्या पात्याचं नाव, डीएचआयमध्ये पेनासारख्या इम्प्लांटरने मूळ थेट बसवतात. फरक आहे, पण हात कुणाचा यापुढे तो लहान आहे.

आधीच्या तपासण्या: हिमोग्लोबिन, साखर, रक्त गोठण्याची वेळ, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, ईसीजी, बीपी. केस पुंजक्याने गळत असतील, टाळूला चाई असेल किंवा कातडी लाल होऊन खवले पडत असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून निदान हवं. चालू आजारावर लावलेले केस टिकत नाहीत. दारू आणि तंबाखू आठवडाभर तरी आधी बंद, तंबाखू नंतरही दोन आठवडे. गुटखा त्यातच आला, हे वेगळं सांगावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी हृदयासाठी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने थांबवू नका, ज्यांनी दिली त्यांनाच विचारा.

शस्त्रक्रियेचा दिवस सर्वांत सोपा. दुखतात ती फक्त भुलीची पहिली इंजेक्शनं. मग पालथं झोपवून 0.8 ते 1 मिलिमीटरच्या पंचने मागची मुळं काढतात, ती थंड द्रावणात ठेवतात, जेवणानंतर सरळ झोपवून पुढे बसवतात. पहिल्या दोन-तीन ओळींत फक्त एका केसाचे ग्राफ्ट असायला हवेत, दोन-तीन केसांचे त्यांच्या मागे. हे चुकलं की हेअरलाइन बाहुलीच्या डोक्यासारखी दिसते. 2,400 ला सात-आठ तास धरा. ओठांना मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात आवाज असं काही वाटलं तर त्याच क्षणी सांगा. लिग्नोकेन हे भुलीचं औषध जास्त झाल्याची ती पहिली खूण असते.

खरी परीक्षा पुढचे दहा दिवस. मुळं धरायला तेवढे दिवस लागतात, आणि पहिले तीन दिवस तर नुसत्या धक्क्याने ग्राफ्ट निघू शकतो. निघाला तर त्या जागी रक्त येतं. रक्ताशिवाय केस पडला तर घाबरायचं कारण नाही. सगळ्यात जास्त धक्के लागतात ते गाडीत बसताना दाराच्या वरच्या कडेला. त्यानंतर जुन्या घरांच्या ठेंगण्या चौकटींना आणि पत्र्याच्या शेडला. टी-शर्ट दहा दिवस कपाटात, फक्त बटणांचा शर्ट.

नांदेड-लातूरकडून संभाजीनगर, पुणे किंवा हैदराबाद गाठलं असेल तर त्याच रात्रीच्या स्लीपर ट्रॅव्हल्सने परत निघू नका. पाच-सात तासांत मान कुठे ना कुठे कलंडते आणि पुढचा भाग काचेला घासतो. मागची पट्टी दुसऱ्या दिवशी काढतात आणि पहिली धुणी क्लिनिकमध्येच शिकून घेतलेली बरी. दोन रात्री जवळपास मुक्काम धरा. संभाजीनगरहून जालन्यासारखं तासा-दीड तासाचं अंतर असेल तर चारचाकीने मानेभोवती प्रवासाची उशी घालून चालतं. दुचाकी दोन आठवडे नाहीच, कारण हेल्मेट घालता येत नाही आणि न घालता जाणं हा उपाय नव्हे.

झोप पाच ते सात रात्री 45 अंशांत: दोन जाड उशा, लोडाचा टेकू, मानेत यू आकाराची उशी. मेडिकलमधलं 0.9 टक्क्याचं सलाइन स्वच्छ स्प्रे बाटलीत भरून जागेपणी दर अर्ध्या-एक तासाने पहिले तीन-चार दिवस मारायचं. फोडलेली बाटली दुसऱ्या दिवशी टाकून द्या, वीस-तीस रुपये वाचवून जंतुसंसर्ग घेऊ नका. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कपाळाची सूज खाली डोळ्यांकडे सरकते, कधी डोळे मिटेपर्यंत. ती भुलीच्या पाण्याची असते. बर्फ भुवयांच्या वर लावा, ग्राफ्टवर नाही. काहींना दोन-तीन दिवस उचकी लागते. ओळखीचा त्रास आहे, थांबत नसेल तर डॉक्टर औषध देतात.

धुण्याचं पाणी हा आपला खास प्रश्न. बोअरच्या जड पाण्यात फेस नीट होत नाही, क्षारांचा थर बसतो, खपल्या कडक होतात, मग माणूस घासतो, आणि घासलं की गेलं. पहिले दहा दिवस उकळून गार केलेलं आरओचं पाणी, मगने, हलक्या धारेत. शॉवर नको. बेबी शाम्पूचा फेस हातावर करून नुसता टेकवायचा, दोन मिनिटं थांबायचं, ओतायचं. दहाव्या दिवसापासून खपल्या पंधरा मिनिटं भिजवून बोटाच्या पेराने गोल फिरवत सोडवायच्या. पंधराव्या दिवसानंतरही खपल्या ठेवल्या तर खाली पुटकुळ्या होतात.

मुहूर्त काढायचा तर नोव्हेंबरअखेर ते जानेवारी. एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या वर, लाइट गेली की कूलर बंद, आणि घाम थेट जखमेवर. शेतकऱ्याने तुरीची रास झाल्यावरच तारीख घ्यावी. मळणीयंत्राचा भुसा ताज्या जखमेत जाणं फार वाईट. उन्हात जायचं तर दहा दिवसांनंतर सैल सुती टोपी. करकचून बांधलेला रुमाल महिनाभर नको. गुलाल आणि रंग निदान तीन महिने टाळा.

दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात लावलेले बहुतेक केस गळतात. मूळ आत असतं, काडी पडते. शेजारचे जुने केसही तात्पुरते विरळ होतात, म्हणून तिसऱ्या महिन्यात डोकं आधीपेक्षा वाईट दिसतं. लग्न दोन महिन्यांवर आल्यावर ट्रान्सप्लांट करणारे नेमके याच टप्प्यात बोहल्यावर चढतात. लग्नाची घाई असेल तर निदान दहा महिने आधी करा, नाहीतर लग्नानंतर. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, कुरळे केस फुटतात, मध्येच पुटकुळ्या येतात. कोमट पाण्याचा शेक पुरतो, पू वाढला तर दाखवा. सहाव्या महिन्यात निम्मं काम दिसतं. मागची बधिरता काही महिने राहते. टाळूवर केस लावले असतील तर तिचा निकाल पंधरा-अठरा महिन्यांशिवाय लागत नाही.

गोळ्यांचं कुणी मोकळेपणी बोलत नाही. लावलेले केस टिकतात, पण त्यांच्यामधले जुने केस गळतच राहतात. ते धरून ठेवायला फिनास्टराइड 1 मिलिग्रॅम रोज आणि डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल 5 टक्के, दिवसातून दोनदा 1 मिलिलिटर, डॉक्टर सांगतील तेव्हापासून. फिनास्टराइडने थोड्या जणांना लैंगिक तक्रारी होतात, त्या झाल्या तर लाजून गप्प बसू नका. चाळिशीनंतर प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगा, आकडा सुमारे निम्मा येतो. गरोदर बाईने फुटलेल्या गोळीला हात लावू नये. आणि जयंतीच्या रक्तदान शिबिरात नाव देऊ नका. गोळी बंद करून महिना व्हावा लागतो. पीआरपीची (आपल्याच रक्तातल्या प्लेटलेटची) सहा-सहा इंजेक्शनं पॅकेजला जोडतात, त्यावर खर्च करण्याआधी या दोन औषधांना वर्ष द्यावं असं माझं मत.

तेलमालीश आणि मेंदी महिना-दीड महिन्यानंतर. कात्री महिन्यानंतर, मशीन आणि वस्तरा सहा महिन्यांनंतर. तिरुपतीचा नवस असेल किंवा घरात दुःखाचा प्रसंग येऊन केस द्यावे लागले, तर सहा महिन्यांनंतर वस्तऱ्याने लावलेल्या मुळांना काही होत नाही. केस पुन्हा वाढतात. फक्त तुळतुळीत डोक्यावर मागे पांढुरके ठिपके दिसतील, प्रत्येक काढलेल्या ग्राफ्टचा एक. मागच्या कातडीची पट्टी कापून काढण्याच्या एफयूटी पद्धतीत त्या जागी कानापासून कानापर्यंत एक रेघ दिसते. ज्यांच्या घरात मुंडणाची वेळ येऊ शकते, त्यांनी पद्धत ठरवतानाच डॉक्टरला हे सांगावं.