जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार: हॅझर्ड लाइट मुळातच असलेली घ्यावी, की नसलेली घेऊन बसवून घ्यावेत?

१९६५ सालची ब्रिटनमध्येच विकली गेलेली एमजीबी आणि १९६९ सालची अमेरिकेला गेलेली एमजीबी शेजारी शेजारी उभ्या करा. स्टिअरिंगची बाजू सोडली तर बाहेरून फरक शोधावा लागतो. रस्त्यात बंद पडल्या की मात्र शोधावा लागत नाही. दुसरीच्या डॅशबोर्डवर चारही इंडिकेटरची एकदम उघडझाप करणारं, म्हणजे हॅझर्ड लाइटचं, बटण आहे, पहिलीच्या नाही. गाडी बघायला जाणारा माणूस गंज बघतो, ऑइलचा दाब बघतो, हूडच्या, म्हणजे कापडी छताच्या, शिवणी बघतो. या बटणाची आठवण त्याला बहुधा पहिल्यांदा मोटरवेच्या (ब्रिटनमधल्या द्रुतगती मार्गाच्या) कडेला उभं राहिल्यावर होते.

या गाड्यांना मुळात हॅझर्ड लाइट होते का, या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. १९५० च्या दशकातल्या आणि १९६० च्या दशकातल्या बहुतेक ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांना कारखान्यातून हॅझर्ड लाइट नव्हते. एमजीए, ट्रायम्फ टीआर४, सुरुवातीची स्पिटफायर, १९६१ साली जिनिव्हाला झळकलेली जॅग्वार ई-टाइप, कोणालाच नाही. ते आले अमेरिकेमुळे. १९६६ च्या सप्टेंबरात तिथे वाहन सुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला आणि १ जानेवारी १९६८ पासून त्याखालची मानकं लागू होऊ लागली. ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारचं मोठं गिऱ्हाईक तिकडेच होतं. ट्रायम्फ टीआर६ चंच बघा: सुमारे ९४ हजार गाड्या बनल्या, त्यातल्या ८६ हजारांच्या आसपास देशाबाहेर गेल्या. असं गिऱ्हाईक जे मागेल ते कारखान्याला द्यावंच लागतं.

म्हणून गाडी घेताना नुसतं मॉडेल आणि साल विचारून भागत नाही. ती कुठल्या बाजारासाठी बनली होती, हे विचारावं लागतं. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे टीआर५ आणि टीआर२५०. दोन्ही १९६७-६८ च्या, बॉडी तीच, २,४९८ सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन तेच. ब्रिटनच्या टीआर५ ला लूकसचं (गाड्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचं) पेट्रोल इंजेक्शन मिळालं, हॅझर्ड लाइट मिळाले नाहीत. अमेरिकेच्या टीआर२५० ला इंजेक्शनऐवजी दोन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर मिळाले आणि हॅझर्ड लाइटही मिळाले. थोडक्यात, ताकद घरच्यांना आणि सुरक्षा परक्यांना! एमजीबीचंही तेच. १९६८ च्या मॉडेलपासून अमेरिकेच्या गाडीला जाड गादीचा डॅशबोर्ड आला आणि त्यासोबत हॅझर्डचं बटण आलं. घरच्या बाजारातल्या गाड्यांना त्यासाठी १९७० चं दशक उजाडावं लागलं.

कायद्याची भीती बाळगायचं कारण नाही. ब्रिटनमध्ये हॅझर्ड लाइटची सक्ती आहे ती १ एप्रिल १९८६ रोजी किंवा त्यानंतर पहिल्यांदा रस्त्यावर आलेल्या गाड्यांना. एमजीबीचं उत्पादन १९८० सालीच थांबलं होतं. शिवाय मोठे फेरफार न केलेल्या, चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना २०१८ पासून एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची दरवर्षीची तपासणीही बंधनकारक नाही. तेव्हा हॅझर्ड नसलेली गाडी घेतलीत तर कोणी अडवणार नाही. प्रश्न फक्त तुमच्या पाठीमागून येणाऱ्या ट्रकचा आहे.

नसलेली गाडी तशीच ठेवली तर

हाही एक पर्याय आहे आणि अनेक जण तोच निवडतात. उन्हाळ्यातल्या रविवारी, गावाकडच्या रस्त्यांनी, दिवसाउजेडी फिरणाऱ्याला तो पुरतो. साध्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर ब्रिटनच्या हायवे कोडप्रमाणे (वाहतुकीच्या नियमांच्या सरकारी पुस्तिकेप्रमाणे) किमान ४५ मीटर मागे धोक्याचा त्रिकोण ठेवता येतो. पण हाच कोड सांगतो की मोटरवेवर त्रिकोण ठेवायचा नाही. तिथे हॅझर्ड लावा, डाव्या दाराने उतरा आणि कठड्यापलीकडे जाऊन उभे राहा, अशी सूचना आहे. म्हणजे जिथे धोका सर्वाधिक, तिथे या गाडीकडे दाखवायला काहीच उरत नाही. एमजीबीची उंची जेमतेम सव्वा मीटर आहे, हेही लक्षात घ्या.

मग लोक डावा इंडिकेटर चालू ठेवतात. त्याने दोन अडचणी होतात. मागून येणाऱ्याला वाटतं की ही गाडी डावीकडे वळतेय. दुसरी अडचण बॉनेटखाली घडते. या गाड्यांत इंडिकेटरला वीज मिळते ती इग्निशन चालू असताना. इंजिन बंद आणि चावी चालू अशा अवस्थेत पॉइंट (इग्निशन कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) जर मिटलेले असतील, तर इग्निशन कॉइलमधून चारेक अँपिअर करंट सतत वाहत राहतो. मदत येईपर्यंत कॉइल हात लावू न देण्याइतकी तापते. म्हणजे एका कारणाने बंद पडलेली गाडी दुसऱ्या कारणानेही बंद पडायची सोय झाली. हॅझर्डचं वायरिंग चावीला टाळून थेट बॅटरीकडून येतं ते यासाठीच.

मुळातच असलेली गाडी

अमेरिकेला गेलेल्या आणि आता ब्रिटनमध्ये परत आलेल्या गाड्या बाजारात भरपूर असतात. कोरड्या हवेच्या राज्यातून आलेली असेल तर गंज कमी, हे त्यांचं मुख्य आकर्षण. हॅझर्ड ही वरकड. पण ‘अमेरिकेतून आली, म्हणजे हॅझर्ड असणारच’ असं धरून चालू नका. स्टिअरिंग उजवीकडे आणताना अनेकांनी तो गादीचा डॅशबोर्ड काढून जुन्या वळणाचा पत्र्याचा डॅशबोर्ड बसवलेला असतो. त्यात बटण जातं आणि तारा मागे लोंबकळत राहतात. गाडी बघायला गेलात की चावी न लावता बटण दाबा. चारही दिवे लागले पाहिजेत. ‘चावी लावून बघा’ असं विकणारा म्हणाला, तर काहीतरी मोडतोड झालेली आहे असं समजा.

आता याचा तोटा, जो जाहिरातीत कोणी लिहीत नाही. एमजीबीच्या या वायरिंगमध्ये साध्या इंडिकेटरचा पुरवठाही हॅझर्डच्या बटणातून फिरून जातो. बटण बंद असताना आतले काही संपर्क जोडलेले असतात आणि त्यांतूनच इंडिकेटरच्या फ्लॅशरला, म्हणजे दिव्यांची उघडझाप घडवणाऱ्या भागाला, वीज मिळते. हेतू चांगला होता: हॅझर्ड चालू असताना दोन फ्लॅशरनी एकमेकांत ढवळाढवळ करू नये. पण वर्षानुवर्षं न दाबलेल्या बटणाच्या संपर्कांवर काजळी धरते आणि मग इंडिकेटरच लागेनासे होतात. मालक बल्ब बदलतो, फ्लॅशर बदलतो, शिव्या मात्र लूकसला देतो. दुखणं त्या बटणात असतं. दहा-वीस वेळा ते पटापट चालू-बंद केलं तरी बरेचदा इंडिकेटर शुद्धीवर येतात. म्हणजे हॅझर्ड असलेल्या गाडीत बिघाडाची एक जागा जास्त आहे, हे खरं. तरीही मी ती स्वीकारीन. रोजच्या बिघाडाला रोजचा उपाय आहे, मोटरवेवरच्या अंधाराला नाही.

जॅग्वारबद्दल थोडक्यात: १९६८ च्या अखेरीस आलेली ई-टाइप सिरीज २ अमेरिकन नियम डोळ्यांपुढे ठेवूनच घडवलेली आहे. सिरीज १ च्या टॉगल बटणांच्या ओळीवर ज्यांचा जीव जडलाय ते काही हॅझर्डसाठी सिरीज २ घेणार नाहीत, आणि घेऊही नये. सिरीज १ च घ्या आणि पुढचं वाचा.

बसवून घ्यायचे तर: लूकसच्या पद्धतीने की इलेक्ट्रॉनिक

आधी हे समजून घ्या की असलेल्या फ्लॅशरवर चारही दिवे टाकून काम होत नाही. जुना फ्लॅशर आतल्या तारेच्या तापण्या-निवण्यावर चालतो आणि तो दोन २१ वॉटच्या बल्बांसाठी बेतलेला असतो. म्हणजे ४२ वॉट, साडेतीन अँपिअर. एक बल्ब गेला की उघडझापेची लय बिघडते आणि चालकाला कळतं, ही त्याची हुशारी. चार बल्ब म्हणजे ८४ वॉट, सात अँपिअर. त्या भाराखाली तोच फ्लॅशर भलत्याच वेगाने चालतो. म्हणून लूकसने हॅझर्डसाठी ९एफएल हा वेगळा, दणकट फ्लॅशर काढला. इंडिकेटरसाठी ८एफएल होताच.

लूकस पद्धत म्हणजे बॅटरीकडून थेट येणाऱ्या तपकिरी तारेवर स्वतंत्र फ्यूज, पुढे हॅझर्डचा फ्लॅशर, मग त्या काळचं बटण आणि तिथून दोन फाटे. लाल रेघेची हिरवी तार डावीकडची, पांढऱ्या रेघेची हिरवी उजवीकडची. सगळे भाग जुन्या धर्तीचे मिळतात, डॅशबोर्डवर शोभून दिसतात आणि टिकटिकही तीच ऐकू येते. तिच्या विरोधात दोन गोष्टी आहेत. जुन्या धर्तीचे नव्याने बनवलेले फ्लॅशर दर्जाला बेभरवशाचे असतात. आणि दिव्यांच्या गंजलेल्या बैठकांमुळे करंट नीट गेला नाही, तर तापण्यावर चालणारी ही वस्तू मंदावते किंवा थांबते.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला भाराची फिकीर नसते. दोन बल्ब असोत की चार, वेग तोच. मागे एलईडी बसवायचे असतील तर याला पर्यायच नाही, कारण एलईडी इतका कमी करंट घेतात की लूकसची तार तापतच नाही. सावधगिरी एकच, पण मोठी: १९६७ पर्यंतच्या एमजीबीत आणि ३.८ लिटरच्या ई-टाइपमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. बहुतेक इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर याच्या उलट जोडणीसाठी बनतात. चुकीचा बसवलात तर तो तात्काळ जळतो. ‘पॉझिटिव्ह अर्थ’चा, म्हणजे पॉझिटिव्ह टोक बॉडीला असलेल्या जोडणीसाठीचा, फ्लॅशर मिळतो, मागताना तसं स्पष्ट सांगा. स्पिटफायरसारख्या गाडीत दोन्ही बाजूंना मिळून डॅशबोर्डवर एकच सूचक दिवा असतो. त्याची जोडणी फ्लॅशरच्या ‘पी’ टोकाशी आहे की नाही हे आधी बघा. तसं टोकच नसलेला फ्लॅशर आणलात तर तो दिवा लागणार नाही.

माझं मत इलेक्ट्रॉनिकच्या बाजूला झुकतं, पण एका अटीवर: बटण जुन्या धर्तीचं हवं, आणि मूळ वायरिंगची एकही तार कापायची नाही. या गाड्यांच्या तारा बुलेट कनेक्टरने, म्हणजे गोळीसारखी टोकं आत खोचायच्या जोडांनी, जोडलेल्या असतात. दोन तोंडांच्या जागी चार तोंडांचा कनेक्टर घातला की नवा फाटा निघतो, आणि उद्या गाडी प्रदर्शनात मांडायची झाली तर पाव तासात सगळं काढून ठेवता येतं. मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांना मी एवढंच विचारीन, की एमजीच्या ॲबिंग्डनमधल्या त्याच कारखान्यात, त्याच एमजीबीला तेच बटण बसत होतं, मग ते उपरं कसं?

खर्चाचा मुद्दा मी मुद्दामच काढला नाही. या गाड्यांच्या किमतीपुढे तो किरकोळ आहे. त्यापेक्षा मागच्या दिव्यांकडे बघा. आतला परावर्तक काळवंडलेला असेल, बैठकीला गंज असेल, तर कुठलाही फ्लॅशर घ्या, ५० मीटरवरून काही दिसणार नाही. आधी ते घासून चकचकीत करा.

बॅटरीची चिंता अनेकांना असते. सात अँपिअर हा दिवे लागलेल्या क्षणाचा आकडा आहे. निम्मा वेळ ते विझलेले असतात, म्हणजे सरासरी साडेतीन. ५० अँपिअर-तासांची धडधाकट बॅटरी तीन-चार तास हॅझर्ड चालवूनही इंजिन सुरू करील. सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन जुन्या बॅटऱ्या असतील तर मात्र एवढा विश्वास ठेवू नका.

महाराष्ट्रात गाडी शिकून ब्रिटनमध्ये आलेल्यांना एक आठवण. खंडाळ्याच्या धुक्यात किंवा बोगद्यात चारही इंडिकेटर लावून गाडी हाकायची आपल्याकडची सवय तिथे नियमात बसत नाही. गाडी चालती असताना हॅझर्ड लावायची मुभा फक्त मोटरवेवर किंवा राष्ट्रीय वेगमर्यादा लागू असलेल्या, मध्ये दुभाजक असलेल्या रस्त्यावर, पुढच्या अडथळ्याची मागच्यांना सूचना देण्यापुरती आहे.

एक अपवाद

सुरुवातीची एमजीए आणि बहुतेक ऑस्टिन-हीली यांचं प्रकरण वेगळं आहे. त्यांना मागे स्वतंत्र नारिंगी इंडिकेटर नसतात. ब्रेकचा लाल दिवाच इंडिकेटर म्हणून उघडझाप करतो, आणि कधी काय करायचं ते लूकसचा डीबी१० नावाचा रिले (विजेनेच चालणारा स्विच) ठरवतो. (१ सप्टेंबर १९६५ पूर्वीच्या गाड्यांना लाल इंडिकेटर आजही चालतात.) इंडिकेटर लागला की त्या बाजूचा ब्रेक लाइट हा रिले तोडतो. हॅझर्डसाठी दोन्ही बाजू एकदम चालू केल्या, तर ब्रेकचे दोन्ही दिवे जातात. उभ्या गाडीत त्याने काही बिघडत नाही, पण चालत्या गाडीत ते घातक ठरू शकतं. अशी गाडी घेत असाल तर हॅझर्ड बसवून घ्याच, पण ते गाडी पूर्ण थांबल्यावरच लावायचे. चालताना लावायची गरज पडेल असं वाटत असेल, तर १९५९ पासूनची एमजीए १६०० शोधा. तिच्यात मागचे इंडिकेटर वेगळे आहेत आणि वर सांगितलेली जोडणी तिथे जशीच्या तशी बसते.