ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, ऑनलाइन: शब्दाचे मूळ आणि त्याची रूपे एकाच नोंदीत

‘गो’ या क्रियापदाचा भूतकाळ ‘वेंट’ होतो, हे आपण शाळेत पाठ करतो. तो तसा का होतो, हे सहसा कोणी सांगत नाही. व्युत्पत्ती देणारे कोश पुष्कळ आहेत आणि व्याकरणाच्या पुस्तकांनाही तोटा नाही, परंतु शब्दाचे मूळ आणि त्याची बदलत गेलेली रूपे कालक्रमाने एकत्र पाहायची असतील, तर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या ऑनलाइन आवृत्तीला माझ्या मते तोड नाही. ‘वेंट’ हे मुळात ‘वेंड’ या निराळ्याच क्रियापदाचे भूतकाळी रूप होते. ‘गो’चे जुने भूतकाळी रूप मागे पडले आणि त्याची रिकामी जागा याने बळकावली. ‘चिल्ड्रन’ची कथाही मजेदार आहे. जुन्या इंग्रजीतील ‘चिल्ड्रू’ या अनेकवचनाचे पुढे ‘चिल्डर’ झाले, आणि तेवढ्याने समाधान न होऊन भाषकांनी त्याला ‘ऑक्सन’मधला अनेकवचनी प्रत्ययही जोडला.

मराठी वाचकाने ‘मोंगूस’ ही नोंद अवश्य उघडावी. या शब्दाचा माग आपल्या ‘मुंगूस’पर्यंत जातो. शेवटी ‘गूस’ ऐकू येत असले, तरी त्या पक्ष्याशी त्याचे काही नाते नाही. म्हणूनच ‘गूस’चे ‘गीस’ होत असताना याचे रूढ अनेकवचन मात्र ‘मोंगूसेस’ असेच होते.

कोशाचे खरे बळ अवतरणांत आहे. प्रत्येक अर्थाखाली लिखित उदाहरणे वर्षांसह दिलेली असतात आणि सर्वांत जुने उदाहरण आधी येते. अर्थात, पहिल्या उदाहरणाचे वर्ष म्हणजे शब्दाचे जन्मवर्ष नव्हे. लिहिला जाण्यापूर्वी तो कितीतरी काळ बोलण्यात असू शकतो.

उणीव आहे ती नोंदींच्या वयातील तफावतीची. कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला, काम १९२८ मध्ये पुरे झाले आणि १९८९ ची दुसरी आवृत्ती २० खंडांची होती. २००० साली कोश ऑनलाइन आला आणि ‘एम’ या अक्षरापासून सुधारित नोंदी प्रसिद्ध होऊ लागल्या, परंतु ते काम अद्याप चालूच आहे. त्यामुळे एक नोंद ताजी, तर दुसरी मूळ संपादकांच्या काळातली, असे घडते. नोंद शेवटची कधी सुधारली, हे तेथेच दिलेले असते. व्युत्पत्तीवर विसंबण्यापूर्वी ते पाहावे.

संपूर्ण कोशासाठी वर्गणी भरावी लागते, मात्र काही ग्रंथालये सभासदांना तो मोफत उपलब्ध करून देतात. अधूनमधून एखाद्या शब्दाचे मूळ पाहणाऱ्याला डग्लस हार्पर यांची विनामूल्य ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ पुरेशी आहे, परंतु शतकानुशतकांच्या अवतरणांची सलग मालिका तेथे मिळणार नाही. भाषांतर, संपादन किंवा अध्यापन करणाऱ्यांनी वर्गणीचा विचार जरूर करावा.