मराठी कार्यक्रम करायचाय: गावाचं मीडिया सेंटर, कॉलेजचा कोर्स की थेट युट्यूब?

अमेरिकेतल्या मराठी मंडळांत हा प्रश्न हल्ली वरचेवर निघतो. कुणाला उन्हाळ्यात भारतातून आलेल्या आईबाबांच्या आठवणी नीट चित्रित करून ठेवायच्या असतात, कुणाला मराठी शाळेच्या मुलांचा कार्यक्रम बसवायचा असतो, तर कुणाला दर महिन्याला मुलाखतींची मालिका चालवायची असते. माझं उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटतं. आधी आपल्या गावात कम्युनिटी मीडिया सेंटर आहे का ते बघा, असं मी सांगते. म्हणजे गावातल्या लोकांना कॅमेरा आणि स्टुडिओ वापरायला शिकवणारं, आणि त्यांचे कार्यक्रम स्थानिक केबल चॅनलवर दाखवणारं केंद्र. असं काही असतं हेच अनेकांना ठाऊक नसतं, आणि केबल घेतलेली असेल तर त्यासाठीचे पैसे मात्र ते वर्षानुवर्षं बिलातून भरत आलेले असतात.

ही सोय आली कुठून ते थोडक्यात सांगते, कारण निवड करताना त्याचा उपयोग होतो. १९७१ मध्ये मॅनहॅटनच्या केबलवर सामान्य नागरिकांसाठी चॅनल सुरू झाले. यालाच ‘पब्लिक ॲक्सेस’ म्हणतात. त्याच वर्षी जॉर्ज स्टोनी आणि रेड बर्न्स यांनी न्यूयॉर्क विद्यापीठात अल्टरनेट मीडिया सेंटर काढलं आणि लोकांच्या हाती कॅमेरे देऊन त्यांना शिकवायला सुरुवात केली. १९७२ मध्ये केंद्रीय दळणवळण आयोगाने (एफसीसी) मोठ्या शहरांतल्या केबल कंपन्यांवर अशा चॅनलची सक्ती केली. ती १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग १९८४ च्या केबल कायद्याने हा अधिकार स्थानिक पातळीवर दिला. गावाने केबल कंपनीशी करार करताना जनतेसाठी, शिक्षणासाठी आणि स्थानिक कारभारासाठी चॅनल मागून घ्यावेत, आणि केबलच्या उत्पन्नावर जास्तीत जास्त ५ टक्के शुल्क घ्यावं, अशी ती तरतूद. त्यातला वाटा गावाने सेंटरला द्यायचं मनावर घेतलं, तर स्टुडिओ उभा राहतो आणि शिकवणाऱ्यांचे पगार निघतात.

म्हणूनच तुमचं नशीब तुमच्या पत्त्यावर ठरतं. मॅसॅच्युसेट्समध्ये केबलचा परवाना गाव किंवा शहर देतं, त्यामुळे तिथे अशी सेंटर्स पुष्कळ आहेत. केंब्रिज कम्युनिटी टेलिव्हिजन १९८८ पासून चालू आहे. मॅनहॅटनमध्ये मॅनहॅटन नेबरहुड नेटवर्कचं मुख्य केंद्र पश्चिमेला ५९व्या रस्त्यावर आहे, आणि २०१२ पासून ईस्ट हार्लेममधल्या एका जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत त्यांचं दुसरं केंद्र चालतं. कॅलिफोर्नियात मात्र २००६ च्या कायद्याने परवाने राज्याकडे गेले आणि लॉस एंजेलिसमधले केबल कंपनीने चालवलेले पब्लिक ॲक्सेसचे स्टुडिओ २००९ च्या सुरुवातीला बंद पडले. सॅन होजेत क्रिएटीव्ही नावाचं सेंटर टिकून आहे. तेव्हा बॉस्टनच्या मावशीचा अनुभव ऐकून डॅलसमध्ये आशा लावून बसू नका, आपल्या गावाचं नाव घालून शोधा.

शिकायचं कुठे?

इथे माझं मत स्पष्ट आहे. मंडळाच्या कामासाठी सेंटरच उत्तम.

पद्धत साधारण सगळीकडे सारखी असते. आधी ओरिएंटेशन, मग सदस्यत्व. शुल्क गावागणिक वेगळं. मग छोटे छोटे वर्ग: कॅमेरा, आवाज, प्रकाशयोजना, स्टुडिओ, एडिटिंग. जो वर्ग पूर्ण कराल त्यातलं साहित्य वापरायची आणि घरी न्यायची मुभा मिळते. वर्ग बहुधा संध्याकाळी किंवा शनिवारी असतात, म्हणजे नोकरी सांभाळून जमतं. गावात राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्यांना प्राधान्य असतं. शेजारच्या गावातल्यांना काही ठिकाणी जास्त शुल्क पडतं, काही ठिकाणी मज्जावच असतो.

कम्युनिटी कॉलेजचा कोर्स याहून खोल जातो हे खरं. एखादा शॉट इथेच का तोडायचा, दृश्य रचायचं कसं, हे तिथे सत्रभर घोटून घेतात. पण फी भरावी लागते, गृहपाठ असतो, आणि सत्र संपलं की कॅमेरा परत. व्यवसायच बदलायचा असेल, पुढे या क्षेत्रात नोकरी करायची असेल, तर कॉलेजला जा. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी एवढा खटाटोप नको.

उरलं ते घरी बसून व्हिडिओ बघत शिकणं. त्यातून कॅमेऱ्याची बटणं कळतात. डाविंची रिझॉल्व्ह या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर एडिटिंगही जमतं. पण आपल्या मुलाखतीत मागे फ्रिजची घरघर ऐकू येते आहे, हे सांगणारं शेजारी कुणी नसतं. नवशिक्यांचे कार्यक्रम चित्रापेक्षा आवाजात जास्त मार खातात, आणि कान तयार होतो तो कुणीतरी शेजारी बसून चूक दाखवली तरच.

याचं एक उदाहरण देते. साडी नेसलेल्या पाहुणीला क्लिपचा माइक कुठे लावायचा, हे सेंटरमधल्या प्रशिक्षकाला माहीत असायचं कारण नाही. तो शर्टाच्या हिशोबाने छातीच्या मध्यावर लावून मोकळा होतो. मग जरीचा काठ घासला की खरखर येते आणि मान वळवली की मंगळसूत्र आपटतं. आम्ही आता पदर असेल त्याच्या उलट बाजूला, ब्लाऊजच्या गळ्याशी माइक लावतो, त्याची तार पाठीमागून घेतो आणि मंगळसूत्र पदराखाली सरकवायला सांगतो. ही युक्ती प्रशिक्षकाबरोबर हेडफोन लावून, पाहुणीला पुन्हा पुन्हा मान हलवायला लावून सापडली.

स्टुडिओ हवा की घर?

सेंटरच्या स्टुडिओत साधारण तीन कॅमेरे, माथ्यावर दिवे आणि बाजूला कंट्रोल रूम असते. त्याला माणसं लागतात: कॅमेऱ्यांवर तिघं, एक फ्लोअर मॅनेजर, एक आवाजाला, एक स्विचरवर (कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचं ते बदलणारं यंत्र), एक दिग्दर्शक. मंडळातून सात-आठ जण उभे करणं अवघड, आणि इथेच सेंटरचं खरं मोल कळतं. गावातले इतर सदस्य मदतीला येतात आणि पुढे आपण त्यांच्या कार्यक्रमाला जायचं असतं. आमच्याकडे स्विचरवर बसणाऱ्या निवृत्त गृहस्थांना मराठीचा गंधही नाही. त्यांच्यासाठी आम्ही प्रत्येक प्रश्नाचे शेवटचे दोन-तीन शब्द रोमन लिपीत कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देतो. ‘आठवतं का तुम्हाला’ ऐकू आलं की ते पाहुण्यांच्या कॅमेऱ्यावर जातात. आता तर कागद न बघताही त्यांना सुरावरून प्रश्न संपल्याचं कळतं. युट्यूबवर लाख लोकांनी पाहिलं तरी असा शेजार मिळत नाही.

आईबाबांच्या आठवणींसाठी मात्र स्टुडिओत जाऊ नका. दिव्यांखाली आणि तीन कॅमेऱ्यांसमोर वडीलधारी माणसं आखडतात, भाषण केल्यासारखं बोलू लागतात. सेंटरमधून कॅमेरा, तिकाटणं आणि माइक घरी आणा, फ्रिजपासून लांबच्या खोलीत बसा, चहा होऊ द्या आणि मग हळूच विषय काढा. गिरगावातल्या चाळीच्या किंवा कोकणातल्या घराच्या गोष्टी त्या खुर्चीतच निघतात.

बघणार कोण?

खरं सांगायचं तर केबलवर तुमचा कार्यक्रम किती जणांनी पाहिला हे बहुधा कधीच कळत नाही. घरी असलेली ज्येष्ठ मंडळी, गावसभेचं प्रक्षेपण बघता बघता थांबलेला एखादा शेजारी, असा तो प्रेक्षक. कार्यक्रम आठवड्यात अनेकदा लागतो, त्यामुळे ओळख वाढते, पण ती गावापुरतीच. नागपूरच्या आत्याने किंवा टोरांटोच्या भावाने बघावं असं वाटत असेल, तर युट्यूबला पर्याय नाही.

म्हणून आधी ठरवा की बोलायचं कुणाशी आहे. गणपती म्हणजे काय हे गावाला सांगायचं असेल, तर केबल चांगली. इंग्रजी उपशीर्षकं चित्रावरच कायमची छापून घ्या आणि कार्यक्रम २८ मिनिटांत बसवा, कारण प्रसारणाच्या वेळापत्रकातल्या अर्ध्या तासाच्या जागेत तो सहज बसतो. मराठी माणसांशी मराठीत बोलायचं असेल, तर चित्रीकरण सेंटरच्या साहित्यावर करून प्रसारण युट्यूबवर करा. बहुतेक सेंटर्समध्ये कार्यक्रमाची मालकी बनवणाऱ्याकडेच राहते. तरीही सही करण्याआधी अर्जातलं ते कलम वाचून घ्या, आणि आधी केबलवर दाखवण्याची अट आहे का तेही विचारा.

नियम आणि गाणी

पब्लिक ॲक्सेसवर जाहिरात चालत नाही. प्रायोजक दुकानाचे आभार मानता येतात, पण ‘या, दिवाळीनिमित्त सूट आहे’ म्हणता येत नाही. दागिन्यांच्या दुकानाला स्टॉल आणि फलक कबूल करून पैसे घेतले असतील, तर हे आधी मिटवा. युट्यूबवर ही अडचण नाही.

गाण्यांची अडचण दोन्हीकडे आहे. चित्रपटगीतावरचा नाच युट्यूबवर टाकला की यंत्रणा ते गाणं ओळखते, आणि मग हक्कदाराच्या मर्जीनुसार आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच अडतो. सेंटरमध्ये असं यंत्र नसलं तरी हक्कांची जबाबदारी माझी, अशा कागदावर तुम्ही सही केलेली असते. यातली एक मेख मंडळांच्या लक्षात येत नाही. अभंगाचे शब्द कित्येक शतकांचे असले, तरी नावाजलेल्या गायकाची चाल आणि ध्वनिमुद्रण तेवढं जुनं नसतं. मुलांनी स्वतः म्हटलेली भोंडल्याची पारंपरिक गाणी आणि ओव्या हा त्यातला निर्धोक मार्ग, आणि बघायलाही तोच जास्त गोड.

मत मांडण्याच्या बाबतीत केबल कंपनीला तुमच्या मजकुरात सहसा ढवळाढवळ करता येत नाही. अश्लीलतेसारखे अपवाद आहेत. पण सेंटर चालवणाऱ्या खासगी संस्थेचं तसं नाही. मॅनहॅटन नेबरहुड नेटवर्कने दोन निर्मात्यांवर घातलेल्या बंदीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. अशी संस्था म्हणजे सरकार नव्हे, म्हणून अभिव्यक्तिस्वातंत्र्याची घटनात्मक बंधनं तिला लागू होत नाहीत, असा निकाल २०१९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी लागला. राजकीय विषयावर बोलणार असाल तर सेंटरची नियमावली आधी मागून घ्या.

व्यावसायिक व्हिडिओवाला लावावा का, असंही विचारतात. गणेशोत्सवाच्या मोठ्या कार्यक्रमाला जरूर लावा. तिथे हुकलेला क्षण परत येत नाही, आणि नुकतं शिकलेल्या मुलांवर तो भार टाकू नये. मालिकेसाठी मात्र तो परवडत नाही, आणि मंडळात कुणी काही शिकतही नाही.

घरात दहावी-अकरावीच्या वयाचं मूल असेल, तर सेंटरकडे माझा कल आणखी वाढतो. बऱ्याच ठिकाणी सुट्टीतली शिबिरं असतात, स्टुडिओत केलेल्या कामाचे स्वयंसेवेचे तास शाळेत धरले जाऊ शकतात, आणि मराठी शाळेला कंटाळलेलं मूल कॅमेऱ्यामागे उभं राहून आजोबांचं मराठी कान देऊन ऐकतं.

एक काळजी मात्र सांगितलीच पाहिजे. सेंटरला पैसा पुरवणारं शुल्क फक्त केबल टीव्हीच्या उत्पन्नावर आहे, इंटरनेटवर किंवा स्ट्रीमिंगवर नाही. लोक केबल सोडताहेत, तसा हा झरा आटतो आहे. त्यात २०१९ मध्ये केंद्रीय दळणवळण आयोगाने केबल कंपन्यांना पैशांऐवजी दिलेल्या काही सेवाही त्या ५ टक्क्यांत धरायची परवानगी दिली. केबल कंपनीचा परवाना संपण्याच्या तीन वर्षं आधीपासून गावात नूतनीकरणाचं काम सुरू होऊ शकतं आणि त्यात रहिवाशांना बोलता येतं. तिथे मराठी माणसं फारशी दिसत नाहीत. ज्यांनी स्टुडिओ वापरला आहे त्यांनी जाऊन दोन वाक्यं बोलावीत.

यंदाच करायचं मनात असेल तर वेळेचा हिशोब असा ठेवा. गणपतीचा कार्यक्रम हवा असेल तर वर्ग मे-जूनमध्ये उरका, कारण उन्हाळी शिबिरं सुरू झाली की स्टुडिओ मुलांकडे जातो आणि साहित्याची नोंदणी भरते. आईबाबा तेव्हा इथेच असतील, तर पहिला सराव त्यांच्या मुलाखतीवर करा.