शिरोड्याच्या खाऱ्या हवेत एक वर्ष काढलेला देव्हारा आणि पितळी लक्ष्मीनारायण

आमचं घर सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला, मिठागरांच्या गावात. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तेच हे शिरोडं. समुद्र चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे आमच्याकडे दाराच्या लोखंडी कड्या बघता बघता गंजून जातात आणि कुठलीही वस्तू दुकानात कशी दिसते ह्याला काही अर्थ नसतो, एक पावसाळा काढल्यावर ती कशी दिसते ते खरं. म्हणून हा रिव्ह्यू घेतल्या घेतल्या लिहिला नाही. मागच्या वर्षी चतुर्थीच्या दोन दिवस आधी देव्हारा घरी आला, ह्या वर्षीची चतुर्थी होऊन गेली, आता लिहितेय.

आधीचा देव्हारा आंब्याच्या लाकडाचा होता, सासूबाईंच्या लग्नाच्या वेळचा. भिंतीला टेकून होता आणि मागून वाळवी कधी लागली ते कळलंच नाही, एक दिवस आप्पांनी (माझे सासरे, वय ७८, पूजा अजून तेच करतात) समई आत ठेवली आणि खालची फळी पापडासारखी तुटली. देवांना काही झालं नाही पण आप्पा दिवसभर गप्प होते.

त्याच्याही आधी एक फसवणूक झाली होती ती सांगते, कारण त्यातूनच पुढचं शिकले. दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एक लक्ष्मीनारायणाची मूर्ती मागवली, कुठून ते लिहीत नाही. शुद्ध पितळ, हातकाम, असं सगळं लिहिलेलं आणि आली तेव्हा खरंच सोन्यासारखी चमकत होती. आप्पा रोज देवांना आंघोळ घालतात, एकादशीला पंचामृत. श्रावणापर्यंत मूर्तीच्या वरचा पारदर्शक कोट जागोजागी सुटला आणि त्याच्या खाली काळे ठिपके आले, तेही पुसून जाईनात कारण वर अर्धवट कोट तसाच. मग एक दिवस मूर्तीखालच्या लाल वस्त्रावर तपकिरी गोल डाग दिसला. मला वाटलं कुंकू असेल. हात लावला तर गंज! फ्रिजवरचं चुंबक काढून आणलं आणि बैठकीला लावलं तर टक्कन चिकटलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्याला चुंबक चिकटायचं काही कारण नाही, म्हणजे बैठकीत लोखंड घालून वरून मुलामा दिलेला. पैशाचं वाईट वाटलंच पण आप्पांकडे बघवेना, रोज हातात घेतलेला देव होता तो त्यांचा.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की शोभेची वस्तू वेगळी आणि पूजेची वस्तू वेगळी. शोभेची मूर्ती कपाटात काचेमागे राहते, तिला कोणी हात लावत नाही. पूजेच्या मूर्तीला रोज पाणी, रोज गंध, रोज फडक्याने पुसणं, सणाला दूध दही मध. आमच्या घरातल्या जुन्या बाळकृष्णाचं नाक पुसून पुसून गुळगुळीत झालंय, चार पिढ्यांचे अंगठे फिरलेत त्याच्यावरून. हे असं हाताळणं सोसेल अशीच वस्तू घ्यायची असं ठरवलं आणि मग सावंतवाडीला गेलो.

मोती तलावाच्या जवळ चितारआळी आहे, लाकडी खेळण्यांसाठी आणि लाकडी फळांसाठी सगळे जातात तिथेच. आम्हाला आमच्याकडच्या एका सुताराने एक दुकान सांगितलं होतं, पुढे लहानसं दुकान आणि मागच्या पडवीत काम चालतं. बाहेरून काही खास दिसत नाही, बोर्डही फिकट झालाय. आत एका बाजूला कातकामाच्या (लाकूड फिरवून कातलेल्या) वस्तू, दुसऱ्या बाजूला देव्हारे, चौरंग, पाट, आणि वरच्या फळीवर पितळेच्या मूर्ती, समया, लामणदिवे. भिंतीवर गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या, गोल पानांवरचे दशावतार फ्रेम करून लावलेले. (दशावतारी गंजिफात १० अवतारांची प्रत्येकी १२ अशी १२० पानं असतात, राजवाड्यात कलाकार बसून रंगवताना बघायला मिळतात, मुलांना घेऊन नक्की जा.)

दुकानदारांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमी खंयचे?" मी म्हटलं शिरोड्याचे, आप्पांचं मूळ घर आरवलीत. हे ऐकल्यावर त्यांनी समोर काढून ठेवलेला फणसाच्या लाकडाचा देव्हारा गुपचूप बाजूला सरकवला. मला काही सांगावंच लागलं नाही. आमच्या आरवलीच्या ग्रामदेवाची, वेतोबाची मूर्ती पूर्वी फणसाच्या लाकडाची असायची, आता पंचधातूची आहे, पण ते देवाचं लाकूड म्हणून आमच्या घरात आजही फणसाचं लाकूड वापरत नाहीत. ही गोष्ट ऑनलाइन फॉर्ममध्ये कुठे भरायची सांगा! तिथेच आप्पांचा त्या माणसावर विश्वास बसला, मी बघत होते, खांद्यावरचा पंचा काढून ते खुर्चीत नीट बसले.

मग त्यांनी सागवान आणि शिवण दोन्ही दाखवलं. सागवान टिकतं हे सगळ्यांनाच माहीत आहे पण त्यातही गाभ्याचं लाकूड आणि बाहेरचं पांढरट लाकूड ह्यात जमीनअस्मानाचा फरक, पांढऱ्या भागाला कीड पटकन लागते आणि पॉलिश मारलं की गिऱ्हाइकाला कळत नाही, म्हणून पॉलिश करायच्या आधी कच्चा देव्हारा बघायला या असं त्यांनी स्वतः सांगितलं. शिवण हलकं, नक्षीला मऊ आणि हवा बदलली तरी फारसं वाकत नाही. आम्ही चौकट आणि तळ सागवानाचा, नक्षीची महिरप आणि वरचा कळस शिवणीचा असं ठरवलं. उंची २४ इंच, रुंदी १८. १४,५०० रुपये झाले. मशीनवर कापलेल्या नक्षीचे तयार देव्हारे ह्याच्या निम्म्या किमतीत मिळतात हे मान्य, पण ते मागून बघा, बहुतेकांना प्लायची नाहीतर दाबलेल्या भुशाची पाठ असते, आमच्याकडच्या हवेत ती पाठ फुगते.

कच्चा देव्हारा बघायला गेलो तेव्हा मागच्या पडवीत कारागीर महिरपीवर पटाशी चालवत होता. केळीचे दोन खांब, त्यांना लोंबणारं केळफूल, वर मध्ये कमळ. केळफुलाची एकेक पाकळी तो खालून वर उचलल्यासारखी कापत होता आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला अगदी बारीक वळण देत होता, दोन्ही खांबांची केळफुलं हुबेहूब एकसारखी नाहीत, डावं जरा जास्त उमललंय. मला ते इतकं आवडलं! बाजूला दुसरा माणूस देव्हाऱ्याचे पाय कातत होता. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवायची, घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून बसत जाते, मग केवड्याच्या पानाने दाबून घासलं की चमक येते. आमच्या कुंपणाला केवडा आहे, आम्ही फक्त गौरीला वाहायचो, त्याच्या पानाचा असा उपयोग मला आयुष्यात पहिल्यांदा कळला.

लाख फक्त पायांना, बाकी सगळ्याला जवसाचं तेल. मी चकचकीत पॉलिश मागत होते पण ते नको म्हणाले, चपड्याच्या (लाखेच्या) पॉलिशवर ओलं ताम्हन किंवा गरम निरांजन ठेवलं की पांढरे डाग पडतात आणि देव्हाऱ्यात दोन्ही रोजचंच. त्यांचं ऐकलं ते बरं झालं. सांधे खाच करून खुंटीने बसवलेत, बिजागऱ्या आणि स्क्रू पितळेचे, लोखंडाचा एक खिळा नाही. आणि निरांजन जिथे ठेवतो त्याच्या बरोबर वर छताला आतून पितळेचा पातळ पत्रा मारून दिलाय, ज्योतीची धग आणि काजळी लाकडाला लागू नये म्हणून. मी हे मागितलं नव्हतं, आप्पांना निरांजन आत सरकवताना बघून त्यांनी स्वतःच मोजमाप घेतलं. पाठीमागे दोन पट्ट्या आहेत त्यामुळे भिंत आणि देव्हारा ह्यात दोन बोटं हवा खेळते, वाळवी आलीच तर दिसेल तरी.

आता मूर्ती. ह्यांच्याकडचं पितळ इथे बनत नाही आणि ते तसं सरळ सांगतात. मुरादाबादच्या मूर्ती वाळूच्या साच्यातल्या, तमिळनाडूतल्या स्वामिमलईच्या मेणाच्या पद्धतीच्या. मेणाची मूर्ती करून तिच्यावर मातीचा लेप द्यायचा, तापवून मेण काढून टाकायचं, त्या पोकळीत धातू ओतायचा आणि शेवटी माती फोडायची, म्हणजे तो साचा परत वापरता येत नाही. म्हणून ती महाग. आमच्या बजेटमध्ये मुरादाबादची होती, त्यात काही कमीपणा नाही, पण बघायचं कसं ते त्यांनी दाखवलं. मी मूर्तीचा चेहरा बघत होते तर म्हणाले, "पाठ बघा आधी काकी, तोंड सगळेच बघतत." साच्याचे दोन भाग जुळतात तिथे बाजूने रेघ राहते, ती नीट घासलीय का, पाठीवर दागिने, शेल्याची चुणी कोरलीय का की सपाट सोडलंय, आणि बैठक उलटी करून आतून धातू किती जाड आहे. एका मूर्तीचं तोंड फार गोड होतं पण काखेत आणि चक्राच्या मागे खोल खड्डे राहिले होते. तिथे दही अडकणार, ते निघणार नाही आणि पितळ हिरवं पडणार. दुसरी घेतली, सव्वा किलोची, साडेपाच इंच. आप्पांनी वीत लावून बघितली कारण घरातली मूर्ती अंगठ्याच्या पेरापासून वीतभरापर्यंतच असावी असं मत्स्यपुराणात आहे. मग त्यांनी ती टेबलावर ठेवून बोटाने जरा ढकलली. त्यांचे हात आता थरथरतात, आंघोळ घालताना मूर्ती ताम्हनात कलंडली की ते घाबरतात. बैठक रुंद आणि जड, जागची हलली नाही. "ही हलना नाय," एवढंच बोलले आणि पैसे द्यायला उठले.

एका वर्षानंतरची परिस्थिती अशी की मूर्ती काळवंडते, अर्थातच काळवंडते, खाऱ्या हवेत उघडं पितळ काळवंडणारच, पण ते काळवंडणं सगळीकडे सारखं आहे, ठिपके नाहीत, कोट नसल्यामुळे घासलं की खालून परत तीच मूर्ती निघते. सासूबाई सारातली आमसुलं टाकत नाहीत, त्याच पिळलेल्या आमसुलांनी मूर्ती चोळायची, वर चिमूटभर राख, भरपूर पाण्याने धुवायची आणि लगेच कोरडी करायची. हे लगेच कोरडं करणं सगळ्यात महत्त्वाचं, आंबट अंगावर तसंच राहिलं की पितळ कळकतं. पंचामृताच्या दिवशी मूर्तीच्या बोटांमध्ये आणि कमळाच्या पाकळ्यांत मी मऊ ब्रश फिरवते, तो ब्रश देवाचाच वेगळा ठेवलाय. समईही ह्याच दुकानातून घेतली, तिचे भाग आट्यांचे आहेत, पावसाळ्यात आटे घट्ट बसतात तर महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचा हात लावा.

देव्हारा जसाच्या तसा आहे. तेलामुळे रंग जरा गडद झालाय, केळफुलाच्या पाकळ्यांच्या मधे तर मधासारखा.

तक्रारी पण लिहिते. नागपंचमीला देतो म्हणाले आणि दिला चतुर्थीच्या दोन दिवस आधी, म्हणजे आमची मखर, माटवी (गणपतीच्या डोक्यावर बांधून सजवायची लाकडी चौकट), रंगरंगोटी सगळी धावपळ चालू असताना, आणि मधल्या काळात फोन केला की "उद्या सांगतंय" एवढंच. दुसरं, पॅकिंग म्हणजे वर्तमानपत्र आणि सुतळी, टेम्पोत कळसाचं टोक किंचित दबलं. बिल मागितल्यावर दिलं, आपणहून नाही. आणि ह्या जुलैत खालचा ड्रॉवर, ज्यात आम्ही वाती, कापूर, उदबत्ती ठेवतो, तो फुगून अडकला, आप्पा रोज सकाळी दोन्ही हातांनी ओढायचे. फोन केला तर म्हणाले आत्ता रंधा मारू नका, पाऊस संपला की लाकूड सुकतं आणि मग ड्रॉवर ढिला होतो, ऑक्टोबरात बघू. मला तेव्हा टाळाटाळ वाटली होती. पण मागच्या आठवड्यात कारागीर स्वतः शिरोड्याला आला, बाजूच्या पट्टीवरून जेमतेम कागदाएवढं लाकूड काढलं, मेण घासलं आणि कळसाचं दबलेलं टोकही नीट करून गेला. पैसे घेतले नाहीत, सोलकढी पिऊन गेला.

ज्यांना पंधरा दिवसात वस्तू हवी असेल त्यांनी इथे जाऊ नये. चतुर्थीसाठी काही करून घ्यायचं असेल तर शिमग्याच्या आधी सांगावं लागतं, पावसात लाकूड सुकत नाही म्हणून ते जूननंतर नवीन ऑर्डर घेत नाहीत. आम्ही आता गणपतीच्या वर बांधायला लाकडी माटवी सांगितलीय, चार कोपऱ्यांना केळफुलं, आणि आप्पांनी त्या कारागिराला बजावलंय की चारही एकसारखी करू नको.