निकोबारचा 'शंभर वर्षं जुना' बाहुला आणि माझे १४ हजार

अंदमानला जाणार असाल तर हे वाचून जा, मी नाही वाचलं कुठे आणि फसले. लाज वाटते सांगायला पण सांगते.

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही ग्रुप टूरने पोर्ट ब्लेअरला गेलो होतो (आता श्री विजयपुरम म्हणायचं, पण तोंडात बसत नाही). सेल्युलर जेल बघून सगळे जरा गप्प गप्प होतो, सावरकरांची कोठडी बघून सासूबाईंचे डोळे भरलेले, आणि तिथून बस थेट एका दुकानाशी थांबली. शंखशिंपले, पडौकच्या लाकडाच्या वाट्या वगैरे नेहमीचंच. मी आपली कोपऱ्यात लाकडी मूर्ती बघत उभी, दोन्ही हात वर केलेला, डोळे वटारलेला माणूस, कोपरभर उंचीचा. दुकानदाराने ते बरोब्बर हेरलं.

म्हणे हा हेन्टाकोई, निकोबारी लोक घरात ठेवतात, भूत पळवायला. आता हे खरंय बरं का. तिथे मांत्रिक असतो तो आजारपणात अशा आकृत्या करवून घेतो, रोग आणणाऱ्या वाईट आत्म्याला घाबरवायला. पण पुढे म्हणाला की कार निकोबार बेटावर आजही घरोघरी दर अमावास्येला याची पूजा होते, नजर लागत नाही, आणि हा पीस शंभर वर्षं जुना, निकोबारमधल्याच कमोर्टा बेटावरच्या एका म्हाताऱ्याकडून आलाय, भाऊ जहाजावर आहे माझा. अमावास्या, नजर! आम्हाला पटेल तेच बोलत होता तो आणि मी आपली माना डोलावतेय. कार निकोबारचे बहुतेक लोक कधीच ख्रिश्चन झालेत, बिशप जॉन रिचर्डसन तिथलेच, त्यांनी तर बायबलचं निकोबारीत भाषांतर केलं. हे सगळं मी घरी आल्यावर वाचलं, आधी वाचायला काय झालं होतं!

२२ हजार सांगितले, १४ ला दिला. वर गोल शिक्क्याचं 'ओरिजिनल अँटिक' सर्टिफिकेट. आमचे हे म्हणत होते नको, पण टूर मॅनेजर म्हणाला मॅडम ओळखीचं दुकान आहे. त्याचं कमिशन असणार हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. आमच्याबरोबरच्या एका जोडप्याने तर सेंटिनेली आदिवासींचा बाण घेतला. अरे बाबांनो, त्यांच्या नॉर्थ सेंटिनेल बेटावर कोणी पायच ठेवू शकत नाही, २०१८ ला एक अमेरिकन मिशनरी गेला तो मारला गेला, मग बाण आणला कोणी, कुरियरने आला का! आणि जारवा आदिवासींची वस्तू म्हणून कोणी काही दाखवलं तर तिथूनच मागे फिरा. १९५६ च्या कायद्याने त्यांचा भाग राखीव आहे, म्हणजे वस्तू एकतर खोटी नाहीतर चोरून आणलेली.

दुसऱ्या दिवशी अँथ्रॉपॉलॉजिकल म्युझियमला नेलं. आधी तिकडे नेलं असतं तर पैसे वाचले असते. तिथे निकोबारी वस्तू नीट बघितल्या, लाकूड हाताळून हाताळून गुळगुळीत झालेलं, रंग विटलेला. त्यांच्या उलांडीवाल्या (तोल सांभाळायला बाजूला ओंडका बांधलेल्या) नावेला होडीच म्हणतात, आपला शब्द तिथे ऐकून इतकी मजा वाटली की बाहुल्याचा संशय मागेच पडला.

घरी आल्यावर पावसाळ्यात बाहुल्याखाली पिवळा भुसा पडायला लागला. ओल्या फडक्याने पुसला तर फडकं तांबडं झालं. डोळे म्हणे शिंपल्याचे, जुन्या मूर्तींना असतात तसे खरंच, पण माझ्या बाहुल्याच्या डाव्या डोळ्यातली लांबी (पुट्टी) सुटून आली आणि खाली चार भोकं. शर्टाचं बटण! सुतारमामांना दाखवला, त्यांनी उलटा केला आणि तळव्यावर मशीनच्या करवतीचे गोल ओरखडे दाखवले, म्हणाले ताई वर्षभराचंसुद्धा नाही हे.

आणि गंमत ऐका, खरा शंभर वर्षं जुना असता तरी मीच अडचणीत आले असते. १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा आहे, शंभर वर्षांवरची वस्तू विकायला लायसन लागतं, साधा दुकानदार विकूच शकत नाही. शंखांचंही तसंच, काही जाती वन्यजीव कायद्यात येतात, बिल-परमिट नसेल तर एअरपोर्टवर काढून घेतात.

मग मी १९१५ ला फोन केला, ग्राहक हेल्पलाइनला. त्यांनी बिल मागितलं. तेव्हा मी ते पहिल्यांदा नीट वाचलं. सर्टिफिकेटवर अँटिक, पण बिलावर 'वुडन शोपीस, १ नग', आणि यूपीआयचे पैसे गेलेत तिसऱ्याच कुणाच्या नावावर. दुकानदाराला फोन लावला तर म्हणतो मॅडम, बिलात शोपीस लिहिलंय ना, शोपीसच दिलाय.