सर्व्हर अपडेटची सर्व्हिस: काम चोख, फोन उचलायची बोंब

वडोदऱ्यात सर्व्हरवाले ढीगभर, पण धीराने काम करणारे कमीच. दांडिया बाजारातल्या आमच्या दुकानाच्या बिलिंग सर्व्हरवर ओपनएसएसएल (डेटा एन्क्रिप्ट करणारं सॉफ्टवेअर) व्हर्जन १.१.१ होतं, सपोर्ट सप्टेंबर २०२३ लाच संपलेला, आणि पीएचपी (वेब प्रोग्रॅमची भाषा), मेल, बॅकअप सगळं त्याच्यावरच टांगलेलं. या पोरांनी डायरेक्ट अपडेट न मारता आधी सर्व्हरच्या कॉपीवर ओपनएसएसएल ३ टाकून बघितलं, तिथेच कळलं की पीएचपी ७.४ त्याच्याशी जुळत नाही, किमान ८.१ पाहिजे, मग तेही केलं. डिजिटल सहीची जुनी पीएफएक्स फाइल (सर्टिफिकेट आणि की ठेवणारी) उघडेना, कारण आतलं आरसी२ नावाचं जुनं एन्क्रिप्शन ओपनएसएसएल ३ मध्ये बाय डिफॉल्ट बंद असतं. लेगसी मोड (जुनं एन्क्रिप्शन चालू करणारी सेटिंग) कायमचा चालू ठेवून मोकळे झाले असते, पण फाइलच नवीन बनवून दिली! रेट जरा जास्त. आणि संध्याकाळी सातनंतर फोन कोणी उचलेल तर शपथ.