मेडन कॅसल, डॉर्सेट : चालून पाहण्याचा मातीचा दुर्ग

इंग्लंडच्या दक्षिणेकडील डॉर्सेट परगण्यात सुट्टी घालवणार असाल, तर डॉर्चेस्टर गावाच्या नैर्ऋत्येला सुमारे 3 किलोमीटरवर असलेल्या मेडन कॅसलसाठी एक अख्खी दुपार राखून ठेवावी. नावात ‘कॅसल’ असले तरी येथे बुरूज नाहीत की दगडी भिंती नाहीत. आहेत ते टेकडीला वेढणारे मातीचे प्रचंड तट आणि त्यांच्यामधले खोल खंदक. इ.स.पू. 600 च्या सुमारास टेकडीच्या पूर्व भागात लहान किल्ला उभा राहिला आणि सुमारे दीडशे वर्षांनी तो पश्चिमेकडे वाढवत नेऊन 47 एकरांचा करण्यात आला.

वाहनतळाकडून वर आलेली वाट पश्चिम दरवाजाशी पोहोचते आणि माझ्या मते या स्थळाचे खरे वैभव तिथेच आहे. तट एकमेकांना असे वळसे घालतात की प्रत्येक वळणावर दोन्ही बाजूंना चढाच समोर येतो आणि आत शिरण्याची जागा शेवटपर्यंत दिसत नाही. आपल्या गोमुखी दरवाजांची बांधणी पाहिलेल्या माणसाला त्यामागचा हेतू कोणी समजावून सांगावा लागत नाही.

मॉर्टिमर आणि टेसा व्हीलर या पुरातत्त्वज्ञ दांपत्याने 1934 ते 1937 या काळात येथे उत्खनन केले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाची भक्कम परंपरा उभी करणारे डॉ. हसमुख सांकलिया विद्यार्थिदशेत याच उत्खननावर काम शिकले, ही गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी. पूर्व दरवाजापाशी सापडलेल्या दफनांवरून मॉर्टिमर व्हीलर यांनी रोमन सैन्याने केलेल्या कत्तलीचे थरारक चित्र रंगवले होते. परंतु 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या कालमापनानुसार ते मृत्यू एका दिवसाचे नसून काही दशकांत विखुरलेले आहेत. अभ्यास असाच पुढे सरकावा, आणि म्हणूनच जुनी कथा जुनी म्हणूनच ऐकावी. मणक्यात लोखंडी टोक रुतलेला प्रसिद्ध सांगाडा डॉर्चेस्टरच्या डॉर्सेट संग्रहालयात आहे. तो पाहिल्याविना ही भेट अपुरी राहते.

माथ्यावर इसवी सनाच्या चौथ्या शतकातील रोमन काळच्या मंदिराचा पाया दिसतो. तो अगदीच बुटका असल्याने, शेजारच्या माहितीफलकाशिवाय त्याचा फारसा बोध होत नाही.

प्रवेश विनामूल्य आहे, देखभाल ‘इंग्लिश हेरिटेज’ या संस्थेकडे आहे. उपाहारगृह किंवा स्वच्छतागृह मात्र नाही, त्यामुळे पाणी सोबत घ्यावे आणि बाकीची सोय गावातच आटोपून यावी. वारा उन्हाळ्यातही बोचरा असतो आणि पाऊस पडून गेल्यावर उतारावरचे गवत निसरडे होते, म्हणून चांगल्या पकडीचे बूट हवेत. उंच चढ असल्याने गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तटावरून पूर्ण प्रदक्षिणेचा हट्ट न धरता पश्चिम दरवाजा निवांत पाहावा. लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून डॉर्चेस्टर साऊथपर्यंत थेट रेल्वे आहे; शक्य तर दुपार कलल्यावर चढावे, कारण तिरप्या उन्हात सावल्या लांबतात आणि तटांची खोली तेव्हाच नीट उमगते.